न्यून आणि गंड

आपल्याकडे व्याख्यानाला उभा राहिलेला माणूस आधी श्रोत्यांची क्षमा मागतो आणि मग तासभर बोलतो. ‘न्यून ते पुरते, अधिक ते सरते करून घ्यावे’ ही त्या क्षमेची ठरलेली ओळ. ती ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यानंतर काय घडते याकडे सहसा लक्ष जात नाही. तिच्यानंतर जवळजवळ नऊ हजार ओव्या आहेत. आपल्या बोलण्यात उणे असेल हे सांगून झाले, ते श्रोत्यांच्या पदरात घालून झाले आणि काम सुरू झाले. उणे भरून निघेपर्यंत काम थांबले नाही. मला आज याच्याच आसपास बोलायचे आहे.

‘न्यूनगंड’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. गंड म्हणजे गाठ, गळू. गंडमाळेतला गंड तोच. न्यून वेगळे आणि त्या न्यूनाभोवती धरलेली गाठ वेगळी. हा फरक ठामपणे मांडणारा आल्फ्रेड ॲडलर हा व्हिएन्नाचा डॉक्टर लहानपणी मुडदुसाने आजारी होता. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येक मूल मोठ्या माणसांच्या जगात लहान आणि दुबळे म्हणूनच जन्माला येते, त्यामुळे कमीपणाची जाणीव हा रोग नव्हे. चालायला, बोलायला, शिकायला लावणारी ती मूळ टोचणी आहे. ती जाणीवच पुढे न जाण्याचे कारण बनते, तेव्हा तिचा गंड होतो.

मी वीसएक वर्षे महाविद्यालयीन मुलांचे समुपदेशन करते आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेला, दहावीला शाळेत पहिला. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत त्याला उत्तर येत होते, पण ते इंग्रजीत जुळेना. परीक्षक हसले आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मुलाला ऐकू आले नाही, आणि नेमके तेच त्याला वर्षभर ऐकू येत राहिले. त्यानंतर तो वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागला. शंका विचारणे त्याने बंद केले आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याला ताप येऊ लागला. ताप खरा होता, थर्मामीटरमध्ये दिसत होता.

तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. मी त्याला त्याचे गुण सांगू लागले : तू हुशार आहेस, शाळेत पहिला आला होतास, गणित किती चांगले आहे तुझे. त्याने नम्रपणे मान हलवली आणि पुढे महिनाभर तो फिरकला नाही. असे का झाले हे मला बऱ्याच उशिरा उमगले. गुणपत्रिकेत विषयवार आकडे असतात आणि तळाशी ‘एकूण’ असा रकाना असतो. त्या मुलाने इंग्रजी बोलण्याच्या एका विषयात मिळालेला आकडा उचलून स्वतःच्या ‘एकूण’मध्ये लिहिला होता. मी तो आकडा खोडून तिथे मोठा आकडा लिहायला निघाले होते, पण माणसाच्या बाबतीत तो रकानाच खोटा आहे हे काही मी त्याला सांगितले नव्हते. नवा आकडा पुढच्या परीक्षेपर्यंत टिकला असता, फार तर.

मोठे आकडे मिळवूनही हे दुखणे जात नाही. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावर एक निबंध लिहिला. पदव्या, हुद्दे, नावलौकिक सगळे असूनही त्यांतल्या अनेकींना आपण लोकांना फसवत आहोत आणि एक दिवस उघडे पडू, असे वाटत होते.

‘एकूण’चा रकाना काढूनच टाका, असे सांगणारा मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे अल्बर्ट एलिस. त्याने १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. एलिसचे सांगणे साधे, पण पचायला जड आहे. आपल्या कृतीला, कौशल्याला, चुकीला गुण द्या, अगदी कडक द्या. स्वतःला मात्र देऊ नका, कमी नकोत आणि जास्तही नकोत. माणूस इतका गुंतागुंतीचा आणि इतका बदलता असतो की, त्याची बेरीज करायला बसणे हाच मुळात तर्कदोष आहे. म्हणूनच ‘मी भारी आहे’ असे आरशासमोर म्हणवून घेणाऱ्या शिबिरांबद्दल मला फारशी आस्था नाही. तिथे रकाना तोच राहतो, फक्त शाई बदलते.

हे एलिसला नुसत्या पुस्तकांतून सुचलेले नव्हते. तरुणपणी तो मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत असे. एकोणिसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशेजारी बसून बोलायला सुरुवात करायची, असे ठरवले. ही हकीकत तो पुढे आयुष्यभर सांगत असे. एकशे तीस स्त्रियांपैकी तीस तत्काळ उठून गेल्या. शंभरजणींशी तो बोलला. त्यांतली एक पुन्हा भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण कोणी किंचाळले नाही, कोणी पोलिसांना बोलावले नाही, आणि महिना संपेपर्यंत त्याची भीती बरीच ओसरली होती. पुढे तो आपल्या रुग्णांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावे मोठ्याने पुकारायला सांगत असे. (मुंबईच्या लोकलमध्ये हा उपचार लागू पडणार नाही, तिथे कोणी मान वर करून बघणारही नाही.)

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की, स्वतःला स्वीकारले तर माणूस आळशी होईल. मी नेमके उलट पाहिले आहे. ज्या उणिवेची लाज वाटते ती माणूस झाकतो, आणि झाकलेल्या गोष्टीचा सराव होत नाही. शेवटच्या बाकावर बसल्याने त्या मुलाला रोज थोडे हायसे वाटत होते आणि त्या हायसे वाटण्यापायीच त्याचे इंग्रजी होते तिथेच राहिले होते.

दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. कमीपणा दरवेळी आतून उगवत नाही. पुष्कळदा तो बाहेरून लादलेला असतो, पिढ्यान्‌पिढ्या. अशा माणसाला ‘स्वतःला स्वीकार’ एवढेच सांगून मोकळे होणे हा त्याचा दुसरा अपमान आहे. जुलै १९४२मध्ये नागपूरच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपला लढा संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, असे सांगितले होते. परत मिळवणे म्हणजे जे मुळात आपले होते ते. इथे आत्मस्वीकार आणि संघर्ष हे दोन वेगळे मार्ग उरत नाहीत. हसणाऱ्या परीक्षकाचे वागणे चूक होते, हे त्या मुलाला मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे होते. ते मी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सांगितले.

त्याच्या पुढच्या तोंडी परीक्षेची आम्ही तयारी केली ती एवढीच : आत गेल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे. ‘माझे इंग्रजी कच्चे आहे, मी सावकाश सांगेन.’ हे वाक्य तो माझ्या खोलीत दहा-बारा वेळा म्हणाला आणि प्रत्येक वेळी खाली बघत म्हणाला. परीक्षेच्या दिवशी दुपारी तो थेट माझ्याकडे आला. तळहात घामाने ओले होते आणि सकाळी अंगात कणकण होतीच, असे म्हणाला. पहिले उत्तर मोडक्या इंग्रजीत, मध्येच फळ्यावर आकृती काढून, पूर्ण दिले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आलेच नव्हते. तिथे त्याने ‘येत नाही’ असे सांगितले होते. मग त्याने विचारले, या वेळी कँटीनमध्ये काही मिळेल का, सकाळपासून पोटात काही नाही.