दुखणाऱ्या डोक्याला व्यायामाचा डोस

(दृश्य: ट्रेडमिलवर चालणारी एक शाळकरी मुलगी)

डोक्याला मार लागून तिच्या मेंदूला धक्का बसलाय. याला कन्कशन म्हणतात. छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, समोर त्रास मोजायचा शून्य ते दहाचा तक्ता. चालण्याचा वेग तोच, चढ मात्र हळूहळू वाढतोय. दर मिनिटाला एकच प्रश्न: "आता कितीवर आहे गं त्रास?" दोन. दोन. तीन. मग एकदम पाच. ट्रेडमिल थांबतो. त्या क्षणाचे ठोके लिहून घेतले जातात: १५०.

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी ही चाचणी विकसित केली. १५० ला त्रास वाढला ना, मग रोजचा व्यायाम १२० ते १३५ ठोक्यांच्या आत. साधारण २० मिनिटं. काही दिवसांनी पुन्हा चाचणी, पुन्हा नवा आकडा.

(दृश्य: पडदे ओढलेली खोली)

कन्कशन झालेली बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात. जी होत नाहीत, त्यांना वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळायचा: पडून राहा. शाळा नाही, मैदान नाही, मित्रही नाहीत. आईबाबा जिवाच्या काळजीनेच हे पाळायचे. पण दिवसभर लोळून रात्रीची झोप जाते, दम कमी होतो, मन खचतं. मग उठल्यावर येणारी चक्कर त्या माराची की अंथरुणाची, हेच कळेनासं होतं.

कॅनडात माँट्रियलला इझाबेल गान्यों आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वेगळी वाट मांडली. दुखणं रेंगाळलेल्या १६ मुलांना त्यांनी हलका व्यायाम दिला, १५ मिनिटांपर्यंत. मग ज्याचा जो खेळ, त्यातल्या सोप्या हालचाली. फुटबॉलवाल्याच्या पायाशी पुन्हा चेंडू आला! मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मुलं सावरली. गट लहान होता, पण दिशा मिळाली.

बफेलोच्या गटाने २०२१ मध्ये ११८ किशोरवयीन खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखापतीनंतर १० दिवसांच्या आतच व्यायाम सुरू केलेले साधारण १४ दिवसांत बरे झाले. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १९ दिवस लागले. आता तज्ज्ञ पहिले एक-दोन दिवसच विश्रांती सांगतात, तीही घरात थोडं हिंडतफिरत.

(दृश्य: व्यायामाची सायकल, मनगटावर घड्याळ)

डोकं थोडं जड झालं तर घाबरायचं नाही. त्रास वाढतच गेला तर थांबायचं, उद्या पुन्हा बसायचं. मान दुखत असेल, तोल जात असेल, तर त्याचे उपचार वेगळे. आणि सायकल जमली म्हणून लगेच सामन्यात उतरायचं नाही. ती परवानगी डॉक्टरांनीच द्यायची.