शत्रूच्या मैदानावरच्या टाळ्या

मंडळी, स्पेनचा फुटबॉलपटू आंद्रेस इनिएस्ताचे आकडे पाहून तो एवढा लाडका का झाला, हे कळणार नाही. बार्सिलोनाकडून ६७४ सामने, गोल ५७. मेस्सी एखाद्या हंगामातच तेवढे करून मोकळा व्हायचा! फिकट चेहरा, विरळ केस. जाहिरातवाल्यांनी मुद्दाम निवडावा असं काही नाही. दोन बचावपटू अंगावर आले की चेंडू उजव्या पायावरून डाव्यावर सरकवायचा आणि दोघांच्या मधून निसटायचा, एवढंच. समोरच्याला खिजवणं त्याच्या खेळात नव्हतं.

पण नुसत्या कौशल्यावर प्रतिस्पर्ध्यांचं प्रेम मिळत नाही. मेस्सीला परक्या मैदानांवर काय काय ऐकावं लागलं ते तुम्हाला ठाऊक आहे. बार्सिलोनाच्याच रोनाल्डिन्योला २००५ मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर टाळ्या मिळाल्या, त्या एका रात्रीच्या जादूला. इनिएस्ताचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्याचं मूळ एका बनियनवर आहे.

११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. आपल्याकडे रात्री बाराला सामना सुरू झाला होता. तुमच्यापैकी काही जण जागले असतीलच. ११६व्या मिनिटाला फाब्रेगासचा पास आला आणि इनिएस्तानं नेदरलँड्सवर गोल मारला. स्पेनचा पहिला विश्वचषक! त्यानं जर्सी काढली. आतल्या बनियनवर हातानं लिहिलेलं होतं: ‘दानी हार्के, सदैव आमच्यासोबत.’ पंच हॉवर्ड वेब यांनी जर्सी काढली म्हणून नियमानुसार पिवळं कार्ड दाखवलं. अंतिम सामन्यातलं एवढं रास्त आणि एवढं निरर्थक कार्ड दुसरं नसेल.

हार्के हा एस्पान्योलचा कर्णधार. एस्पान्योल म्हणजे बार्सिलोना शहरातलाच दुसरा क्लब, बार्साचा हाडवैरी. ऑगस्ट २००९ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी, हृदयविकारानं तो गेला. स्पेनच्या युवा संघांत दोघं एकत्र खेळलेले. मित्र गेला, त्यात दुखापती; पुढचे महिने आपण नैराश्यात होतो, हे इनिएस्तानं नंतर उघडपणे सांगितलं. म्हणजे ते बनियन दिखाव्यासाठी नव्हतं. एस्पान्योलच्या प्रेक्षकांनी ते ओळखलं. बार्साचा संघ त्यांच्या मैदानावर आला की बाकी दहा जणांना शिव्या आणि याला टाळ्या!

त्यात तो कॅटलन, म्हणजे बार्सिलोना ज्या कॅटलोनियात आहे तिथला, नव्हे. जन्म अल्बासेते प्रांतातल्या फुएन्तेअल्बिया या खेड्यातला. बाराव्या वर्षी घर सोडून बार्साच्या ला मासिया अकादमीत आलेला. माद्रिदवाल्यांनाही तो परका वाटेना. नोव्हेंबर २०१५ मध्ये बार्सानं बेर्नाबेऊवर ४-० नं धुव्वा उडवला, त्यातला तिसरा गोल याचा. तो बदली होऊन बाहेर निघाला, तर माद्रिदचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अपवाद बिल्बाओ शहरातल्या क्लबचा. २०१० च्या सप्टेंबरात तिथल्या सामन्यात त्यांच्या आमोरेबिएताला इनिएस्तावरच्या फाऊलसाठी लाल कार्ड मिळालं, आणि इनिएस्तानं लागल्याचं सोंग केलं असं बिल्बाओकरांचं ठाम मत झालं. स्पेनमध्ये प्रेक्षकांची शिट्टी म्हणजे निषेध. विश्वचषक जिंकून देणाऱ्या या माणसाच्या पायाशी चेंडू आला की बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर पुढे कित्येक वर्षं शिट्ट्या घुमत राहिल्या.