तीन डब्या

(पहाट. पूर्व भागातली गल्ली, यंत्रमागांची खडखड)

सोलापूरच्या पूर्व भागात माग सुरू झालेत. पोराला अजून अंघोळ नाही. आई त्याला पालथं घालते, काचपट्टीवरची चिकटपट्टी सोडवते, शौचाच्या जागेवर हलकेच दाबते आणि परत काचेवर चिकटवते. हे संडासला जायच्या, धुवायच्या आधीच करायचं. या पट्टीवर शोधायची ती सूतकृमीची, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक जंताची, अंडी. त्याची मादी रात्री मोठ्या आतड्यातून बाहेर येते आणि इथल्या कातडीवर अंडी घालते. पोर झोपेत खाजवतं ते त्यामुळे. घरात मात्र बोल लागतो तो गुळाला आणि साखरेला. साध्या संडास तपासणीत ही अंडी क्वचितच सापडतात.

(प्रयोगशाळेची खिडकी, डब्या)

संडासाच्या नमुन्याची डबी लागते ती चाबूककृमीसाठी, म्हणजे आतड्यातल्या चाबकासारख्या जंतासाठी. झाकण घट्ट, नमुना ताजा, त्यात लघवी मिसळलेली नको.

"उद्या-परवा आणखी दोन आणा की, ताई," तपासणाऱ्या बाई आईला सांगतात. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून तीन डब्या.

(हात, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक)

काडीच्या टोकावर येईल एवढाच नमुना. एक थेंब सलाईनचा, शेजारी एक आयोडीनचा. वर पातळ काच. मग दहापटीच्या भिंगाखाली एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, शेतात पाभर फिरावी तशी, एकही पट्टा न सोडता. हे बघणं घाईचं काम नाही, आणि या बाईंनी ते कधी घाईनं केलेलं आम्ही पाहिलं नाही.

हे बघा. तपकिरी, ढोलकीसारखं, दोन्ही टोकांना पारदर्शक बुचं. लांबी मिलिमीटरचा विसावा भाग. हे चाबूककृमीचं अंडं.

आता मोजणी. काचपट्टीवर ठेवायच्या, मधे भोक असलेल्या साच्यात 41.7 मिलिग्रॅम नमुना बसतो. सापडलेल्या अंड्यांना 24 नं गुणायचं. आज 31 निघाली. म्हणजे ग्रॅममागे 744. हजाराच्या आत, सौम्य लागण.

(आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा पडदा)

जंत थोडे असले तर अंडी हुकतात. अशा वेळी कधीकधी चाबूककृमी दुर्बिणीतच दिसतो: केसासारखं पुढचं टोक अस्तरात रुतलेलं, जाड शेपूट मोकळं.

जंत फार झाले तर रक्त कमी होतं, वाढ खुंटते, आंगही (गुदाशय) बाहेर येतं.

(शाळा, गोळ्यांचं वाटप)

10 फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी मिळते. ती घ्यायचीच. पण चाबूककृमी एका गोळीत बऱ्याचदा जात नाही. कोणाचा गेला, हे काचेखालीच कळतं.

(खिडकी. तिसरी सकाळ)

आई आली. पिशवीतून तिसरी डबी काढते.