लस घेतलेली कोंबडी आणि शेडमधली धूळ

(दृश्य: हातकणंगले तालुका. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची शेड.)

चार महिन्यांची ही तलंग खाद्याजवळ आडवी पडली आहे. एक पाय पुढे, एक मागे. मालक डॉक्टरांना विचारतात, "तोंड तर चालू हाय, मग हिनं पाय का टाकलं?"

(दृश्य: शवविच्छेदन.)

उत्तर मांडीत सापडतं. डावीकडची नस, म्हणजे मज्जातंतू, बघा: पांढरी, चकचकीत, अंगावर बारीक आडव्या रेषा. उजवीकडची करडी, दुपटीनं जाड, रेषा गायब. यकृतावर फिकट गाठी. हा मरेक्स, कोंबड्यांचा एक कर्करोग.

१९०७ साली हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी अशा लुळ्या कोंबड्यांची नोंद केली. यामागे हर्पिस गटातला विषाणू आहे, हे कळायला १९६७ उजाडलं. आपल्या कांजिण्यांचा विषाणूही याच गटातला.

हा रोग अंड्यातून येत नाही, श्वासातून येतो. पिसांच्या मुळाशी विषाणू तयार होतो आणि कोंड्याबरोबर झडतो. उन्हाच्या तिरिपेत तरंगणाऱ्या या धुळीत तो महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लानं ती हुंगली, की फुप्फुसातल्या भक्षक पेशीच विषाणूला प्लीहेपर्यंत नेऊन पोचवतात. तिथे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, बी आणि टी. आधी बी पेशी मरतात. त्यांच्या मदतीला टी पेशी धावतात, आणि विषाणूला हव्या असतात त्या नेमक्या याच. आठवडाभरात तो त्यांच्यात दडून बसतो, स्वतःचा जनुकसंच त्यांच्या गुणसूत्रांच्या टोकांना जोडून टाकतो. मग त्याचा 'मेक' नावाचा जनुक कामाला लागतो. त्याचं प्रथिन पेशीची वाढीची बटणं दाबून धरतं. पेशी मरायचं विसरते, नुसती वाढत सुटते. घराचा राखणदारच फितूर व्हावा, तसा हा प्रकार. यकृत, मूत्रपिंड, अंडाशय, नसा, जिथे या पेशी साचतात तिथे गाठ.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात पुढचा प्रश्न ठरलेलाच: हा रोग माणसाला होतो का? नाही, माणसाला हा रोग होत नाही.

१९७० च्या सुमारास टर्की या पक्ष्यातल्या निरुपद्रवी विषाणूपासून लस निघाली. कर्करोग रोखणारी ही पहिली यशस्वी लस, आणि ती मिळाली कोंबडीला! पण ही लस गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही. लस घेतलेली धडधाकट कोंबडीही विषाणू झाडत राहते. अतिघातक वाण अशा कळपांतून पसरू शकतात, हे २०१५ मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं. म्हणून लस सोडायची? मुळीच नाही. ती नसेल तर मरतूक आवरत नाही.

(दृश्य: हॅचरी, म्हणजे पिल्लं उबवण्याचं केंद्र. मानेच्या कातडीखाली लस.)

पिल्लू एका दिवसाचं असतानाच ही सुई बसते. लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली. बाहेर काढली की लगेच वापरावी लागते. प्रतिकारशक्ती उभी राहायला साधारण आठवडा लागतो. तेवढ्या काळात जुन्या बॅचच्या तुसावर पिल्लं सोडली, तर विषाणू लशीच्या आधी पोचतो. म्हणून जुनं तूस बाहेर, जाळ्या-पंखे झाडून पुसून, मगच नवी बॅच. मोठ्या कोंबड्यांची शेडही लांबच हवी.