सातारा निवडला, यादी कोल्हापूरची

जिल्हा, तालुका, गाव अशा तीन ड्रॉपडाउनचा अर्ज तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी भरलाय. जिल्हा निवडला की स्क्रिप्ट सर्व्हरकडून तालुक्यांची यादी मागवते. असाच एक अर्ज मी लिहिला होता. एके दिवशी एका बाईंचा फोन आला. "जिल्हा सातारा दिसतोय, पण खाली कागल, शिरोळ, पन्हाळा. आमचं कराड कुठंय?" माझ्या मशीनवर मात्र सगळं नीट चालत होतं.

झालं होतं असं, की त्यांच्याकडून आधी चुकून कोल्हापूर निवडलं गेलं आणि लगेच त्यांनी ते बदलून सातारा केलं. रिक्वेस्ट दोन गेल्या. साताऱ्याचं उत्तर आधी आलं, यादी बरोबर भरली. मग रेंगाळलेलं कोल्हापूरचं उत्तर पोचलं आणि त्यानं ती पुसून आपली यादी मांडली. ज्या क्रमानं विचारलं त्याच क्रमानं उत्तरं येतील, असं मी धरून चाललो होतो. नेटवर्कवर तशी खात्री कधीच नसते. आणि तालुका चुकला तर अर्ज बाद होतो, कुणाचा तरी हेलपाटा वाढतो.

पान न बदलता माहिती आणायची सोय जुनी आहे. 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये ती होती, 2005 मध्ये डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला 'एजॅक्स' हे नाव दिलं. पानाची स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टमध्ये 2015 साली प्रॉमिस आलं, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू. 2017 मध्ये असिंक-अवेट आलं: 'अवेट' लिहिलं की उत्तर आल्यावरच पुढची ओळ चालते. कोड सरळ वाचता येऊ लागला, आणि मला वाटतं, तिथेच आपली फसगत होते. अवेटपाशी फंक्शन थांबतं, पान थांबत नाही. तेवढ्या वेळात माणूस क्लिक करतो, टाइप करतो, मन बदलतो. म्हणून अवेटच्या पुढच्या ओळीवर आलात की आधी विचारा: मी ज्याच्यासाठी निघालो होतो, तोच जिल्हा अजून निवडलेला आहे का?

मी पहिल्यांदा काय केलं? सेटटाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळानंतर कोड चालवणारं फंक्शन, लावून दोन सेकंद थांबलो. तो निव्वळ अंदाज होता. खेड्यातल्या नेटवर तो कोसळला. खरा उपाय अबॉर्टकंट्रोलर, म्हणजे निघालेली रिक्वेस्ट मध्येच रद्द करायची ब्राउझरमधली सोय. नवा जिल्हा निवडताच जुनी रिक्वेस्ट रद्द करायची. रद्द झाल्यावर फेच (माहिती मागवणारं ब्राउझरचं फंक्शन) 'अबॉर्टएरर' नावाची एरर देतं, तो बिघाड म्हणून लोकांना दाखवू नका. उलट सर्व्हरकडून 404 (सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरमध्येच बिघाड) आला तरी फेच स्वतःहून एरर देत नाही. रिस्पॉन्सचं, म्हणजे आलेल्या उत्तराचं, 'ओके' तुम्हालाच तपासावं लागतं.

आता त्या अर्जात जिल्हा बदलला की जुनी यादी त्याच क्षणी रिकामी होते, तालुक्याचा ड्रॉपडाउन बंद होतो आणि तिथे 'तालुके येत आहेत' असं दिसतं. उत्तर आलंच नाही तर 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण येतं, आणि भरलेलं नाव-पत्ता जागच्या जागी राहतो.