खापर, काटा आणि केळ्यांचा केक

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बायका एका हातात मैद्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या मागच्या दाराशी रांग लावीत असत, हे भुसावळात वाढलेल्या माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. मैदा आपला, तूप आपले, पिठीसाखर आपली. भट्टी आणि मेहनत तेवढी भट्टीवाल्याची. तो प्रत्येकीचे सामान आधी तराजूत घालायचा, तूप कमी भरले तर "ताई, खटाई कडक होईल, मग मला बोल लावू नका" असे तोंडावर सांगायचा आणि मगच पीठ मळायला घ्यायचा. नानखटाई मूळची सुरतेची मानली जाते. सुरत तापीच्या मुखाशी आणि आपण त्याच नदीच्या काठाने वर, म्हणून असेल कदाचित, पण हा पदार्थ आपल्याकडे कधी परका वाटला नाही. मला मात्र त्या वयात गरम पत्र्यांपेक्षा तराजूचेच नवल वाटे, कारण आमच्या स्वयंपाकघरात तराजू नव्हता.

आमच्याकडे मोठी माय होती, म्हणजे माझी आजी. खापरावरचे, म्हणजे चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरचे मांडे करावेत तर तिने. वस्त्रगाळ कणीक ती पाणी लावून लावून इतकी तिंबायची की गोळा हातातून ओघळू लागे. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत ती उपड्या खापरावर टाकायची. त्याआधी खापरावर पाण्याचे चार थेंब शिंपडायची. थेंब नाचले की आच बरोबर, नुसतेच वाफ होऊन गेले की लाकूड मागे ओढायचे. "मोठी माय, किती पाणी, किती वेळ?" असे विचारले की तिचे उत्तर ठरलेले असे: "हातले समजस."

पुढे अनेक वर्षांनी मी घरी ओव्हन आणला, तेव्हा हेच वाक्य घेऊन बेकिंगला बसले आणि फसले. पहिला केक केळ्यांचा केला. रावेर-यावलच्या पट्ट्यात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना सांगायला नको की घरात पिकून काळी पडत चाललेली एखादी फणी बहुधा असतेच. चहाच्या कपाने मैदा मोजला, भाजीला डावाने घालतो तसे तेल घातले, सोडा चिमटीने टाकला. केक फुगला, मधोमध बसला आणि आतून शिऱ्यासारखा ओला निघाला. दुसऱ्या खेपेला तोच केक विटेसारखा झाला. मी शाळेत विज्ञान शिकवीत होते. प्रयोगवहीत मापे न लिहिणाऱ्या मुलांना मी किती वेळा रागावले असेन, ते त्या दिवशी आठवले.

मोठ्या मायचा अंदाज खोटा नव्हता. एकच खापर, एकच चूल, घरच्या शेतातला गहू आणि चाळीस वर्षांचा सराव, एवढ्या गोष्टी ठरलेल्या असल्या की हात हेच माप होते. माझ्याकडे यातले काहीच नव्हते. शिवाय मांडा बिघडतो आहे हे खापरावर दिसते आणि आच कमी करता येते. केक मात्र एकदा ओव्हनमध्ये गेला की त्यात चमचाभर दूधही घालता येत नाही.

म्हणून, श्रोतेहो, घरी बेकिंग सुरू करणाऱ्याने पहिला खर्च वजनकाट्यावर करावा, असे माझे मत आहे. पाच किलोपर्यंत तोलणारा आणि एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. एक प्रयोग घरी करून पाहा. २४० मिलिलिटरचा मापाचा कप मैद्याच्या डब्यात खुपसून भरा आणि तोला. मग तोच कप चमच्याने हलक्या हाताने भरून, सुरीच्या पाठीने सपाट करून पुन्हा तोला. दुसऱ्या वेळी साधारण १२० ते १२५ ग्रॅम भरेल, पहिल्या वेळी १५० पर्यंत जाईल. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ५० ग्रॅमचा झाला, आणि माझ्या विटेचे कारण नेमके तेच होते. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात कप आणि चमचे सपाट भरण्याचा आग्रह धरला, तो याच घोळावरचा उपाय होता. पण काटा हाताशी असताना कपाच्या भानगडीत पडावेच कशाला? भांडे काट्यावर ठेवावे, आकडा शून्य करावा, मैदा घालावा, पुन्हा शून्य करावा, साखर घालावी. घासायची भांडीही कमी होतात, आणि हे मी थोडे स्वार्थाने सांगते आहे.

सोडा, बेकिंग पावडर आणि यीस्ट यांच्यासाठी मात्र हा काटा उपयोगाचा नाही, कारण दोन-तीन ग्रॅम तो खात्रीने तोलू शकत नाही. तिथे मापाचे चमचे हवेत: लहान पाच मिलिलिटरचा, मोठा पंधराचा. आपला साखरेचा चमचा हे माप नव्हे. केळे किंवा दही यांच्यासारखा थोडा आंबट पदार्थ असेल तर एक कप मैद्याला पाव लहान चमचा सोडा पुष्कळ झाला. त्याहून जास्त पडला की केकला साबणासारखी चव येते आणि ती कोणत्याही वेलदोड्याने झाकत नाही.

दुसरे साधन म्हणजे ओव्हनच्या आत टांगायचा तापमापक. ओव्हनच्या बटणावर १८० लिहिलेले असते म्हणून आत १८० अंश असतात, असे समजू नये. माझ्या ओव्हनमध्ये बटण १८० वर असताना तापमापकाने २०५ दाखवले, आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते हे बिस्किटांच्या रंगावरून कळले. तेव्हापासून मी बटण १६० च्या थोडे खाली ठेवते आणि अर्ध्या वेळाने ट्रे फिरवते. ओव्हन महागातलाच हवा असे नाही. पंचवीस-तीस लिटरचा घरगुती ओव्हन चालतो. फक्त त्याला जाड पिनेचे, सोळा अँपिअरचे सॉकेट लागते, हे दुकानातून निघण्यापूर्वी आठवावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये वाळूचा थर, त्यावर जाळी आणि झाकणाची रिंग व शिट्टी काढलेली, असा केक अनेक घरांत होतो आणि उत्तम होतो.

चाळणी घरात असतेच. तारेचा फेटणा आणि सिलिकॉनची पळी घ्यावी. टिनचा, म्हणजे केक भाजायच्या भांड्याचा आकार मात्र हिशेबाने ठरवावा. आठ इंची गोल टिनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, सहा इंचीचे २८. म्हणजे दोन इंचांच्या फरकात केक जवळजवळ अर्धा होतो. आठ इंचीचे मिश्रण सहा इंचीत ओतले तर ते उतू जाणारच. फुलापानांचे साचे, नक्षीच्या नळ्या आणि मोठे मिक्सर दुकानात फार मोह घालतात. माझ्याकडच्या नळ्या दोन वर्षे डब्यात आहेत.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. पाककृतीत "लोणी घरातल्या तापमानाला आणावे" असे लिहिलेले असते. ते घर थंड मुलखातले असते आणि ते तापमान वीस अंशांच्या आसपासचे. मे महिन्यात भुसावळात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि फ्रिजबाहेर ठेवलेले बटर बघता बघता तेल होते. वितळलेल्या बटरमध्ये साखर कितीही फेटली तरी हवा धरत नाही, आणि हवा नाही तर केक हलका होत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी तेलाचे केक करते आणि पहाटे सहाच्या आत ओव्हन लावते. पावाची गंमत उलटी आहे. जे पीठ दीड तासात दुप्पट होईल असे लिहिलेले असते, ते आपल्याकडे चाळीस मिनिटांत काठाशी येते. त्यासाठी सरळ उभी काचेची बरणी घ्यावी, पीठ जिथवर आहे तिथे रबर अडकवावे आणि घड्याळाऐवजी रबराकडे पाहावे. यीस्ट भिजवायचे पाणी मनगटाला कोमट लागेल इतपतच असावे. साठ अंशांच्या पाण्यात ते मरते.

आणि वीज. केक निम्मा भाजून झाला असताना दिवे गेले, तर दार उघडायचे नाही. मी एकदा घाबरून उघडले आणि केक डोळ्यांदेखत खाली बसला. पुढच्या खेपेला दाराला हात लावला नाही. आतल्या उष्णतेवरच तो पुष्कळसा झाला आणि वीज आल्यावर दहा मिनिटांत पुरा झाला.

दादर जातीच्या ज्वारीची बिस्किटेही आता आमच्याकडे होतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसल्यामुळे ती नुसत्या ज्वारीची केली तर हातातच भुगा होतो, म्हणून मी एक तृतीयांश कणीक घालते आणि पीठ थापून झाल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. गूळ घातला तर तो किसून घालावा, खडे राहिले तर तिथे बिस्कीट जळते.

मोठ्या मायचे खापर घर बदलताना तडकले. त्याचा तळहाताहून मोठा एक तुकडा मी ठेवला होता, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हते. आता तो ओव्हनच्या खालच्या जाळीवर असतो. हळूहळू अर्धा तास तापवला की तो उष्णता धरून ठेवतो, आणि त्यावर टाकलेल्या लहान पावाचे बूड भट्टीतल्यासारखे खरपूस होते. वर तापमापक टांगलेला असतो, तो मी वाचते. तरीही पाव टाकण्याआधी, दार उघडून, त्या तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

नमस्कार.