अजून चार लाईट वाढवा ना

नमस्कार श्रोतेहो.

आधी भाकरी उतरेना, मग भात, मग नुसती पेज. अन्ननलिकेच्या कॅन्सरचा रुग्ण आमच्या ओपीडीत पोचतो तो बहुधा पेजेवर आल्यावरच. रेडिएशनला कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाईट'. शेवटचा आठवडा आला की मुलगा मला बाजूला घेतो, "डॉक्टर, अजून चार लाईट वाढवा ना. पैशाचं बघू आम्ही."

त्याचं चुकत नाही. आम्हा डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं हेच वाटायचं. अमेरिकेत ५०.४ ग्रे आणि ६४.८ ग्रे अशा दोन मात्रा ताडून पाहिल्या. ग्रे हे किरणांचं माप. २००२ साली निकाल आला, वाढीव मात्रेचा फायदा शून्य. तरी पटेना. तंत्र जुनं होतं म्हणून असेल, असं धरून नेदरलँड्समध्ये नव्या तंत्राने गाठीला ६१.६ ग्रेपर्यंत नेलं. २०२१ मध्ये पुन्हा तेच उत्तर.

मग सुधारणा झाली कुठे? किरण जिथे पडायला नकोत, तिथे.

अन्ननलिका म्हणजे वीतभराहून थोडी लांब नळी. पुढे हृदय, बाजूंना फुप्फुसं, पाठीशी मज्जारज्जू. पूर्वी समोरून आणि मागून किरण सोडायचे, त्यात हृदय भाजून निघायचं. आता स्कॅन करताना रुग्णाच्या पोटावर एक छोटी डबी ठेवतात. श्वासागणिक ती वर-खाली होते, कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो आणि श्वासाबरोबर गाठ किती सरकते ते कळतं. मग यंत्र रुग्णाभोवती फिरतं आणि धातूच्या पातळ पट्ट्या पुढे-मागे सरकून झोताला गाठीचा आकार देतात. रोज नेमकं तसंच झोपवायचं म्हणून अंगावर बारीक टिपके गोंदतात. हातभर गोंदण असलेल्या आज्यांना त्याचं फार हसू येतं.

प्रोटॉनचे किरण तर गाठीपाशी थांबतात, पलीकडे जवळजवळ जातच नाहीत. खारघरला टाटाच्या केंद्रात २०२३ पासून ती सोय आहे. पण प्रत्येकाला त्याची गरज नसते.

मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. २०१२ साली डच डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी २३ दिवस शेक, एकूण ४१.४ ग्रे, आणि आठवड्याला किमो अशी पद्धत मांडली. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सरची जिवंत पेशीच सापडली नाही. मग ती काढली कशाला, हा प्रश्न आलाच! म्हणून त्यांनी पुढे, ज्यांची गाठ विरघळलेली दिसते त्यांना लगेच न कापता दुर्बीण आणि स्कॅनने नजरेखाली ठेवून पाहिलं. दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण लगेच ऑपरेशन केलेल्यांपेक्षा कमी भरलं नाही. अर्थात काहींची गाठ परत आली, त्यांना ऑपरेशन करावंच लागलं. तपासणीला न चुकता येणाऱ्यालाच ही वाट दाखवावी, असं माझं मत.

ॲडिनोकार्सिनोमा या दुसऱ्या प्रकारात मात्र २०२४ च्या जर्मन अभ्यासात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दिलेली किमोच सरस ठरली. तिथे आमचा शेक मागे पडला.

म्हणून त्या मुलाला मी सांगतो, बाबा रे, चार वाढवू नकोस, आहेत त्यातला एक चुकवू नकोस. तिसऱ्या आठवड्यात गिळताना आग होते, लोक तेव्हाच घरी बसतात. नाकात नळी घालू म्हटलं तर घाबरू नका. त्या नळीतून दूध, वरणाचं पाणी, पातळ खिमट, आहारतज्ज्ञ सांगतील ते जाऊ द्या. वजन उतरलं की छातीची ठेवण बदलते, मग स्कॅनवर आखलेला नकाशा जुळत नाही आणि सगळं पहिल्यापासून आखायला बसावं लागतं.